धरण अभ्यासक्रमात कसे आले?

उल्हासनगरच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षात शिकणाऱ्या मुलाने नळ उघडला, की त्यातून येणारे पाणी बहुतेक वेळा बारवी धरणाचे असते. बदलापूरजवळ बारवी नदीवर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने हे धरण बांधले आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते वापरात आले. अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवली या भागातील कारखान्यांना पाणी पुरवणे हा त्याचा मूळ उद्देश. पुढे कारखान्यांभोवती वस्ती वाढली, शहरे एकमेकांना जाऊन भिडली आणि कारखान्यांसाठीचे धरण लाखो माणसांच्या पिण्याच्या पाण्याचे धरण झाले. मागणी वाढली तशी त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. उंची वाढवल्यानंतर २०१९ साली धरण प्रथमच नव्या पातळीपर्यंत भरले. आता त्याची साठवण सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर आहे. वाढलेल्या पाण्याखाली मुरबाड तालुक्यातील काही गावे आणि पाडे गेले.

याच मुलाच्या हातात पर्यावरण विषयाचे एक पुस्तक असते. त्यात जलसंपत्तीच्या प्रकरणात 'धरणे : फायदे आणि समस्या' असा मुद्दा असतो. त्यावर परीक्षेत पाच-सात गुणांचा प्रश्न येतो. मुलगा तो पाठ करतो आणि विसरतो. पण हा मुद्दा पुस्तकात आला कोठून? तो कोणी घातला, कोणाच्या संमतीने घातला आणि त्याला किती वर्षे लागली? आपण शिक्षक रोज अभ्यासक्रम शिकवतो, पण तो कसा ठरतो याकडे सहसा लक्ष देत नाही. या लेखात आम्ही हीच वाट मागे मागे जाऊन पाहणार आहोत.

कोपऱ्यातील तारीख

मुंबई विद्यापीठाच्या कोणत्याही अभ्यासक्रमाची पुस्तिका हातात घ्या. मुखपृष्ठाच्या वरच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत एक तारीख आणि एक विषय क्रमांक छापलेला असतो. ती तारीख विद्वत परिषदेच्या बैठकीची असते. त्या दिवशी, त्या क्रमांकाखाली हा अभ्यासक्रम मंजूर झाला असा त्याचा अर्थ. ही नोंद नसेल तर पुस्तिका म्हणजे केवळ एक मसुदा. तिच्यावर परीक्षा घेता येत नाही आणि पदवीही देता येत नाही.

एवढ्या एका तारखेमागे दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे.

आधी परीक्षा, मग शिक्षण

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठेही त्याच वर्षीची. तिन्हींपुढे नमुना होता तो लंडन विद्यापीठाचा. त्या नमुन्याप्रमाणे विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदव्या द्यायच्या. कला, कायदा, वैद्यक आणि स्थापत्य अशा चार शाखांपासून सुरुवात झाली. १८६२ साली बी.ए. ची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या चौघांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते.

या रचनेचा एक परिणाम आजही आपल्यामागे आहे. विद्यापीठ फक्त परीक्षा घेणार असेल, तर अभ्यासक्रम म्हणजे काय? परीक्षेत काय विचारता येईल याची यादी. मुलांना काय समजले पाहिजे, त्यांनी स्वतः काय करून पाहिले पाहिजे, हे प्रश्न या यादीत बसत नाहीत. वर्गात आजही 'हे परीक्षेला आहे का?' असा प्रश्न येतो, तेव्हा १८५७ ची ती रचनाच बोलत असते.

ही यादी मंजूर करण्याचा अधिकार सिनेटचा, म्हणजे अधिसभेचा होता. अधिसभेचे सदस्य म्हणजे 'फेलो'. त्यांची नेमणूक सरकार करी. त्यांत न्यायाधीश, सरकारी अधिकारी, डॉक्टर, मिशनरी, प्राचार्य आणि काही प्रतिष्ठित नागरिक असत. प्रत्यक्ष वर्गात शिकवणाऱ्यांना विचारलेच पाहिजे असे बंधन नव्हते.

मराठीसाठी चाळीस वर्षे

एखादा विषय अभ्यासक्रमात येणे किंवा तेथून जाणे किती मोठी गोष्ट असते, याचे आपल्याकडचे सर्वांत जुने उदाहरण मराठीचेच आहे. विद्यापीठाच्या पहिल्या वर्षांत देशी भाषांना परीक्षांमध्ये जागा होती. १८६० च्या दशकात पदवीच्या परीक्षांतून ती गेली. संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषाच उच्च शिक्षणाला योग्य, असा त्यामागचा विचार होता. देशी भाषांत वाचण्याजोगी पुस्तके आहेतच कोठे, हा त्या बाजूचा मुख्य आक्षेप.

न्यायमूर्ती रानडे यांनी हा आक्षेप खोडण्यासाठी जे केले ते आजही शिकण्यासारखे आहे. त्यांनी केवळ भाषाप्रेमाची भाषणे केली नाहीत. पुराव्याची मागणी होती, तर त्यांनी पुरावा गोळा केला. मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेणारे त्यांचे टिपण १८९८ चे आहे. किती पुस्तके निघाली, कोणत्या विषयांवर निघाली, त्यांत कोणत्या दर्जाची किती, याचा हिशेब मांडून ते अधिसभेत बोलत राहिले, मते वळवत राहिले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अखेरच्या दिवसांत एम.ए. च्या अभ्यासक्रमात देशी भाषांना जागा मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. बाहेर जाण्यापासून परत येण्यापर्यंत जवळजवळ चाळीस वर्षे गेली.

यातून दोन गोष्टी दिसतात. अभ्यासक्रम माणसे ठरवतात, त्यामुळे तो बदलता येतो. पण तो बदलायला नुसती तळमळ पुरत नाही. समितीपुढे ठेवता येईल असा कागद तयार करावा लागतो.

शिडीच्या पायऱ्या

अधिसभेच्या हातून हे काम हळूहळू शिक्षकांच्या मंडळांकडे आले. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने अधिसभेचा आकार मर्यादित केला. मुंबईसाठी सदस्यांची कमाल संख्या १०० ठरली. त्यानंतर १९२८, १९५३ आणि १९७४ साली मुंबई विद्यापीठाचे कायदे झाले, १९९४ साली महाराष्ट्रातील विद्यापीठांसाठी एकत्र कायदा झाला आणि सध्याचा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ चा आहे. तो मार्च २०१७ पासून लागू झाला. आज अधिसभा अर्थसंकल्पावर आणि धोरणावर चर्चा करते, पण अभ्यासक्रमावरचा शेवटचा शब्द विद्वत परिषदेचा असतो. नव्या कायद्यात तिला विद्या परिषद म्हणतात.

आता या शिडीच्या पायऱ्या क्रमाने पाहू.

पहिली पायरी अभ्यास मंडळाची. प्रत्येक विषयाचे एक मंडळ असते. त्यात विद्यापीठाच्या विभागाचे प्रमुख, महाविद्यालयांतील विभागप्रमुखांनी आपल्यातून निवडून दिलेले शिक्षक, कुलगुरूंनी नेमलेले शिक्षक, तसेच दुसऱ्या विद्यापीठातील आणि उद्योगक्षेत्रातील जाणकार असतात. खरे काम येथेच होते. कोणते घटक ठेवायचे, प्रत्येकाला किती तासिका द्यायच्या, प्रात्यक्षिक काय, संदर्भ पुस्तके कोणती, गुणांची विभागणी कशी, हे सर्व मंडळ ठरवते. एक नवा घटक आत आणायचा तर जुना एक बाहेर काढावा लागतो, कारण तासिका तेवढ्याच असतात. वाद बहुतेक वेळा यावरच होतो.

दुसरी पायरी विद्याशाखेची. सध्या विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास अशा चार विद्याशाखा आहेत. प्रत्येकीचे प्रमुख म्हणजे अधिष्ठाता. एका विषयाचा अभ्यासक्रम दुसऱ्याशी जुळतो का, श्रेयांकांचा हिशेब बरोबर आहे का, हे येथे पाहिले जाते.

तिसरी पायरी विद्वत परिषदेची. तेथे मंजुरी मिळाली की कोपऱ्यात छापली जाणारी ती तारीख मिळते. मग परिपत्रक निघते आणि पुढील जूनपासून अभ्यासक्रम लागू होतो. तोही सहसा एका वर्षी पहिल्या वर्गाला, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या वर्गाला असा क्रमाने. त्यामुळे तीन वर्षांची पदवी पूर्ण बदलायला तीन वर्षे लागतात आणि अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी जुन्या अभ्यासक्रमाच्या परीक्षाही काही काळ घ्याव्या लागतात.

पूर्णपणे नवी पदवी सुरू करायची असेल तर आणखी एक अट येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदव्यांच्या नावांची यादी ठरवलेली आहे. २०१४ साली ती राजपत्रात प्रसिद्ध झाली. नव्या पदवीचे नाव त्या यादीत नसेल तर आधी आयोगाची मान्यता हवी.

हे झाले विद्यापीठाचे. पण विद्यापीठाने अभ्यासक्रम मंजूर केला म्हणजे अंबरनाथ किंवा बदलापूरच्या महाविद्यालयात तो लगेच शिकवता येतो असे नाही. त्यासाठी दुसरी शिडी आहे. विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात त्या ठिकाणी त्या अभ्यासक्रमाची गरज दाखवलेली असावी लागते. संस्थेने अर्ज करायचा, विद्यापीठाने तो तपासून शासनाकडे पाठवायचा, शासनाने परवानगी द्यायची, मग शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय यांची पाहणी होऊन संलग्नता मिळते. पहिल्या शिडीवर प्रश्न असतो 'काय शिकवायचे?' दुसऱ्या शिडीवर प्रश्न असतो 'कोठे आणि कोणी शिकवायचे?' या दोन शिड्यांची गल्लत झाली की गैरसमज होतात. विषय चांगला असूनही आपल्या गावी का नाही, याचे उत्तर बहुधा दुसऱ्या शिडीवर सापडते.

ही दुसरी शिडी या भागाला जुनीच परिचित आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अशा गावात महाविद्यालय उभे राहणे सोपे नव्हते. हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाने, म्हणजे सिंधमधून आलेल्या शिक्षकांच्या आणि दात्यांच्या मंडळाने, १९६० च्या दशकात तेथे चांदीबाई हिमथमल मनसुखानी महाविद्यालय सुरू केले. मुलांना कल्याणच्या खाडीपलीकडे जाण्याची गरज उरली नाही. पण शिकवायचे काय, हे मात्र मुंबईतच ठरत राहिले.

न्यायालयातून आलेला विषय

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. धरणांविषयीचा मुद्दा या शिडीवर खालून चढला नाही. तो वरून आला.

पर्यावरणविषयक खटल्यांसाठी प्रसिद्ध असलेले वकील एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात एक जनहित याचिका केली. लोकांना पर्यावरणाचे ज्ञानच नसेल तर कायदे करून उपयोग काय, असा तिचा आशय होता. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयाने निकाल दिला. चित्रपटगृहे, आकाशवाणी, दूरदर्शन यांतून लोकांना माहिती देण्याबरोबरच शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा सक्तीचा विषय करण्याच्या दिशेने पावले टाकावीत, असे त्यात होते. महाविद्यालयांपुरते हे काम विद्यापीठ अनुदान आयोगाकडे आले.

पुढची बारा वर्षे फारसे काही घडले नाही. कारणे समजण्यासारखी आहेत. हा विषय कोणत्या अभ्यास मंडळाचा? वनस्पतिशास्त्राचा, रसायनाचा, भूगोलाचा की अर्थशास्त्राचा? कोणत्याच एका मंडळाचा नसल्यामुळे तो कोणीच उचलला नाही. त्याच्या तासिका कोणाच्या वाट्यातून काढायच्या? शिकवणार कोण? शिडी तयार होती, पण या विषयाला पहिली पायरीच नव्हती.

१८ डिसेंबर २००३ रोजी न्यायालयाने पुन्हा आदेश दिला आणि अंमलबजावणीची विचारणा केली. तोपर्यंत आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी एक समान अभ्यासक्रम तयार केला होता. तो तयार करणाऱ्या समितीचे प्रमुख पुण्याचे डॉ. एरक भरुचा होते. भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेचे ते संचालक. त्यांनी लिहिलेले पाठ्यपुस्तकही आयोगामार्फत उपलब्ध झाले. २००४-०५ पासून विद्यापीठांनी तो लागू करावा असे ठरले.

हा अभ्यासक्रम ५० तासांचा होता आणि त्याचे आठ घटक होते. विषयाची ओळख २ तास, नैसर्गिक संपत्ती ८, परिसंस्था ६, जैवविविधता ८, प्रदूषण ८, सामाजिक प्रश्न ७, लोकसंख्या ६ आणि क्षेत्रकार्य ५. नैसर्गिक संपत्तीच्या घटकात धरणे दोनदा येतात. एकदा जलसंपत्तीखाली, त्यांचे फायदे आणि समस्या म्हणून. आणि एकदा वनसंपत्तीखाली, जंगलावर आणि आदिवासींवर होणारे त्यांचे परिणाम म्हणून. १०० गुणांपैकी ७५ लेखी परीक्षेला आणि २५ क्षेत्रकार्याला होते.

आयोगाने मसुदा दिला तरी विद्यापीठांच्या मंडळांना तो आपल्या रचनेत बसवावा लागला. कोठे तो स्वतंत्र विषय झाला, कोठे दुसऱ्या विषयाचा भाग. पुढे श्रेयांक पद्धती आली आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर रचना पुन्हा बदलली. २०२३ साली आयोगाने पर्यावरण शिक्षणाचा चार श्रेयांकांचा नवा आराखडा दिला. त्यातही क्षेत्रकार्य कायम आहे.

पाच तासांची मोकळी जागा

पूर्ण देशासाठी एकच अभ्यासक्रम म्हटल्यावर त्यात बारवीचे नाव येणार नाही, हे उघड आहे. मुंबई विद्यापीठाचेच क्षेत्र पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे आणि त्याला सातशेहून अधिक महाविद्यालये जोडलेली आहेत. इतक्यांसाठी एकच यादी करायची तर ती सर्वसाधारणच राहणार. शिडी संथ असण्याचेही कारण हेच. एका शब्दाच्या बदलाने हजारो मुलांची परीक्षा बदलते, म्हणून तो शब्द चार ठिकाणी तपासला जातो. या संथपणाने लहरी बदल अडतात, तसे गरजेचे बदलही अडतात.

पण त्या आठव्या घटकाकडे पुन्हा पाहा. स्थानिक नदी, जंगल किंवा डोंगर पाहून नोंद करणे, स्थानिक प्रदूषित जागेला भेट देणे, साध्या परिसंस्थेचा अभ्यास करणे. कोणती नदी, कोणती जागा, हे अभ्यासक्रम सांगत नाही. ते शिक्षकाने ठरवायचे आहे. त्यासाठी कोणत्याही मंडळाची मंजुरी लागत नाही.

बदलापूरच्या शिक्षकाला या पाच तासांत काय करता येईल? एक साधे गणित घेऊ. धरणाची साठवण ३४० दशलक्ष घनमीटर. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. म्हणजे एकूण ३४,००० कोटी लिटर. शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी हे सर्वसाधारण मानक धरतात. वर्षाला झाले ४९,२७५ लिटर. भागाकार केला तर सुमारे ६९ लाख माणसांना वर्षभर पुरेल इतके हे पाणी. आता मुलांना एकेक वजाबाकी करू द्या. बाष्पीभवन किती? कारखान्यांना किती? गळती किती? आपल्या सोसायटीत माणशी खरोखर किती पाणी येते आणि टेकडीवरच्या पाड्यात किती? उत्तरे पुस्तकात नाहीत. ती विचारून, मोजून आणावी लागतात.

पुढे पाण्याची वाट शोधता येते. धरणातून सोडलेले पाणी नदीने खाली येते, बंधाऱ्याजवळ उचलले जाते, जांभूळ येथे शुद्ध होते आणि मग शहरांकडे जाते. वापरलेल्या पाण्याचे काय होते हे पाहायचे तर अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहणाऱ्या वालधुनी नदीच्या काठी जावे. २०१४ च्या अखेरीस तिच्यात टँकरने रसायने ओतल्यामुळे उल्हासनगरमध्ये विषारी वायू पसरला आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. पुराचा मुद्दा शिकवताना २७ जुलै २०१९ हा दिवस आहेच. त्या दिवशी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये अडकली होती.

आणि 'समस्या' हा शब्द शिकवताना मुरबाडच्या त्या गावांना वगळता येत नाही. जमिनी आणि घरे गेलेल्या कुटुंबांतील एकेका व्यक्तीला नोकरी देण्याचा निर्णय झाला, तो दीर्घ लढ्यानंतर. या भागातील वर्गात एखाद्या बाकावर पाणी पिणाऱ्या शहरातला मुलगा बसलेला असतो आणि शेजारच्या बाकावर त्या पाण्याखाली आजोबांचे शेत गेलेली मुलगी बसलेली असू शकते. 'फायदे आणि समस्या' ही दोन टोके एकाच खोलीत असताना ती पुस्तकातून पाठ करून घेणे म्हणजे हाती आलेली संधी घालवणे होय.

आपला हात कोठे पोचतो?

अभ्यासक्रम आकाशातून पडत नाही, हे सांगण्यासाठी आम्ही हा इतिहास मांडला. मराठीला परत येण्यासाठी चाळीस वर्षे लागली आणि पर्यावरणाला सर्वोच्च न्यायालयाचे दोन आदेश लागले. दोन्ही वेळा बदल घडला, कारण कोणीतरी नेमक्या जागी नेमका कागद ठेवला.

महाविद्यालयीन शिक्षकाला अभ्यास मंडळाकडे लेखी सूचना पाठवता येते. सूचना करताना चार गोष्टी द्याव्यात : कोणता घटक, किती तासिका, त्याच्या बदल्यात काय वगळावे आणि वाचायला काय आहे. यांपैकी तिसरी गोष्ट बहुतेक सूचनांत नसते, आणि तेथेच त्या अडतात. शाळेतल्या शिक्षकाची शिडी वेगळी आहे, ती बालभारतीच्या समित्यांमधून जाते, पण तेथेही हाच कागद चालतो.

आणि तो कागद तयार करण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे क्षेत्रकार्याची वही. एका वर्षाच्या मुलांनी बारवीचे पाणी मोजले, दुसऱ्या वर्षीच्या मुलांनी वालधुनीच्या नोंदी केल्या, तिसऱ्या वर्षी मुरबाडच्या गावकऱ्यांशी बोलणे झाले, तर पाच वर्षांनी आपल्या हातात जे असेल ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसेल. रानड्यांपुढे जसा 'पुस्तके कोठे आहेत?' हा प्रश्न होता, तसाच स्थानिक घटक सुचवणाऱ्या शिक्षकापुढे 'साहित्य कोठे आहे?' हा प्रश्न असतो. या वह्या हे त्याचे उत्तर आहे. पुढच्या सत्रात क्षेत्रकार्याचे तास येतील तेव्हा त्या सुरू करायला हरकत नाही.